तेराव्यानंतरचे उत्तरकार्य

मनुष्य निवर्तला म्हणजे पुढे काय करावयाचे, हे आपल्या घरांतून कोणास विचारावे लागत नाही. अग्नी कोणी द्यावा, अस्थिसंचय केव्हा करावा, दहाव्यास पिंडापाशी कोणी बसावे, सपिंडीकरण कोणत्या दिवशी, मासिके किती, या सर्वांस शास्त्रकारांनी दिवस आणि क्रम नेमून दिला आहे. आणि ज्यास तो ठाऊक नाही, त्यास उपाध्याय सांगतात. शोकाने बुद्धी बधिर झालेल्या माणसास पुढचे पाऊल दुसऱ्याने दाखवून द्यावे, या योजनेत मनुष्यस्वभावाचे मोठे ज्ञान आहे, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. परंतु तेराव्याची निधनशांत आटोपली, पाहुणे आपापल्या गावी परतले, ओसरीवरच्या सतरंज्या झटकून ठेवल्या, की त्याच घरात दुसरे एक उत्तरकार्य सुरू होते. त्याची पोथी नाही, त्यास उपाध्याय नाहीत, आणि त्याचे दिवस मात्र पहिल्याहूनही काटेकोर मोजले जातात. या दुसऱ्या उत्तरकार्याविषयी चार शब्द लिहावे, असे योजिले आहे.

आम्ही वकील नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढे संस्कृताचा थोडा अभ्यास, आणि सारी हयात खेडासारख्या गावी मुलांस रूपे व धातू घोकविण्यात गेलेली. तथापि दोन वर्षांमागे ज्येष्ठ महिन्यात आमचे वडील बंधू निवर्तले. त्यांचे चिरंजीव पुण्यास नोकरीवर, वहिनींस कचेरीची पायरी ठाऊक नाही. तेव्हा हे सारे काम ओघानेच आमच्याकडे आले. ते करीत असता जे पाहिले, ज्यांनी वाट दाखविली त्यांच्याकडून जे कळले, तेच येथे सांगत आहो.

प्रथम एक शंका दूर करू. ‘सुतकात कसली कागदपत्रे करता?’ असे म्हणणारी माणसे अद्यापि आहेत व ती वाईट हेतूने म्हणत नाहीत. परंतु अशौचाचे नियम सांगणाऱ्या त्याच शास्त्रकारांनी राजा, कारागीर, वैद्य इत्यादिकांस आपापल्या कामापुरते सद्यःशौच सांगून ठेविले आहे. कारण ज्यांचे काम अडल्यास इतरांचे नुकसान होते, त्यांस अडविणे त्यांनाही इष्ट वाटले नाही. आणि याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय उघडून पाहावा. त्यात ऋणादान आहे, ठेवींविषयीचा उपनिधी आहे, लेख्य आहे, दायविभाग आहे. कर्ज, ठेव, कागद आणि वाटा! आज एखाद्या घरातील कर्ता पुरुष गेल्यावर मागे जी चार कामे उरतात, ती हीच होत. आमच्या खेडाहून चिपळुणास जाताना वाटेवर परशुराम लागते. तेथेच १८८० साली जन्मलेल्या महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसऱ्या खंडाचा मोठा भाग व्यवहारासाठी, आणि चौथ्या खंडाचा बराच भाग अंत्येष्टी, अशौच व श्राद्ध यांसाठी खर्चिला आहे. दोन्ही विषय एकाच शास्त्राचे. एक पवित्र आणि दुसरा प्रापंचिक, अशी फारकत आपण मागाहून केली.

आता लेख्यापासून आरंभ करू. सर्व कागदांचे मूळ म्हणजे मृत्यूचा दाखला. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा. त्याप्रमाणे मृत्यूची वर्दी एकवीस दिवसांच्या आत द्यावयाची असते. मृत्यू रुग्णालयात झाला तर ती देण्याचे काम रुग्णालयाचे. घरी झाला तर घरातील कर्त्या माणसाचे. तेरा दिवस क्रियाकर्मात गेले, म्हणजे हाती आठ दिवस राहतात, हे ध्यानात ठेवावे. एकवीस दिवस उलटले तरी तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून काम होते. तीस दिवसांनंतर वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. आणि वर्ष लोटले म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमावाचून नोंद होत नाही. घरी मृत्यू झाल्यास शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा लेख शुल्क न घेता द्यावा, असेही कायदा सांगतो.

नोंद कोठे होते, याविषयी आमच्या तालुक्यात मोठा घोटाळा आढळतो. मृत्यू जेथे घडला तेथे नोंद होते. मनुष्य जेथे राहत होता किंवा जेथे दहन झाले तेथे नव्हे. कोकणातला मनुष्य आजारी पडला की चिपळूण, रत्नागिरी, नाही तर मुंबई गाठतो. देह मात्र गावी आणतात. मग घरची माणसे ग्रामपंचायतीत किंवा खेडच्या नगरपरिषदेत दाखला शोधीत बसतात. आमचे दादा मुंबईस एका रुग्णालयात गेले. त्यांचा दाखलाही मुंबईचाच. १ ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्त कायदा अमलात आल्यावर नोंदी संगणकावर एकत्र येऊ लागल्या आहेत, त्यामुळे पूर्वीइतक्या खेपा पडत नाहीत. तरी कोणत्या कचेरीत नोंद आहे, हे ठाऊक असल्यावाचून यंत्रही काही सांगत नाही. दाखला हाती आला की त्यातील नाव, वडिलांचे नाव, तारीख ही तेथेच उभे राहून अक्षर अक्षर वाचावी. एका वेलांटीच्या फरकापायी पुढे सहा कचेऱ्या अडतात. प्रतीही एक-दोन नव्हे, आठ-दहा घ्याव्यात.

नावाचा हा विषय निघाला म्हणून घरची एक गोष्ट सांगतो. आपल्यात लग्नाच्या वेळी ताम्हनातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने मुलीचे नवे नाव लिहिण्याची चाल होती. आमच्या वहिनींचेही नाव असेच बदलले. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, पासबुकावर सासरचे, आणि रेशनकार्डावर, कोणी कसे लिहिले देव जाणे, घरात हाक मारण्याचे. एका बँकेत दादांच्या ठेवीसाठी आम्ही गेलो असता तेथील कारकुनाने, त्याच्या नियमाप्रमाणे योग्यच, विचारले की या तिन्ही बायका एकच, याला पुरावा काय? अठ्ठेचाळीस वर्षे ज्या घरी संसार केला त्या घरची सून मीच, असे वहिनींस प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागले. आम्हांस वाटले, त्यांस हा अपमान वाटेल. परंतु सही झाल्यावर बाहेर येऊन त्या म्हणाल्या, “भावोजी, माझे माहेरचे नाव आज किती वर्षांनी कोणी तरी मोठ्याने वाचले.” आणि पदराने डोळे पुसले. ते अश्रू दादांसाठी होते की त्या नावासाठी, हे आम्ही विचारिले नाही. मात्र घरी आल्यावर आमच्या सौभाग्यवतींचे सर्व कागद काढून पाहिले. तेथेही दोन नावे निघाली. ज्या घरी ही चाल झालेली आहे, तेथे ‘अमुक व तमुक नावाची स्त्री एकच’ असे प्रतिज्ञापत्र, जरूर तर राजपत्रातील प्रसिद्धी, हे काम नवरा-बायको दोघेही हयात असता उरकून घ्यावे. त्या वेळी त्याचे हसू येते. मागाहून येत नाही.

दुसरे प्रकरण निक्षेपाचे, म्हणजे ठेवींचे. येथे पहिली सूचना अशी की, मृत मनुष्याच्या खात्यातून त्याचे कार्ड वापरून पैसे काढू नयेत. क्रियाकर्मास पैसा लागतो, कार्ड कपाटात असते, अंकही मुलास ठाऊक असतो, मोह होतो. परंतु खातेदाराच्या निधनानंतर त्या खात्यावर सर्व वारसांचा संबंध येतो, आणि असे काढलेले पैसे हेच पुढे भावाभावांतल्या पहिल्या संशयाचे कारण होतात. दुसरी सूचना, मृताचा भ्रमणध्वनी लागलीच बंद करू नये. अर्ध्या कचेऱ्यांचे संदेश त्याच क्रमांकावर येतात. तिसरी, पासबुक ओळीने वाचावे. त्यात वर्षाकाठी ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची वर्गणी असते, व २० रुपये दिसले तर सुरक्षा विम्याची. पहिला कोणत्याही कारणाने येणाऱ्या मृत्यूस, पंचावन्न वर्षे वयापर्यंत; दुसरा अपघातास, सत्तर वर्षे वयापर्यंत; दोहोंची रक्कम दोन लक्ष रुपये. लोट्याच्या कारखान्यांतून काम करणाऱ्या तरुणांची घरे आमच्या तालुक्यात पुष्कळ आहेत. भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदामागे सात लाखांपर्यंतचा विमा असतो, हे त्यांतील किती घरांस ठाऊक असेल, याची आम्हांस शंका आहे. आणि ज्या ठेवीची दहा वर्षे कोणी विचारपूस केली नाही, ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. तेथूनही वारसास ती परत मागता येते. अशा विस्मृत ठेवी शोधण्यासाठी २०२३ साली रिझर्व्ह बँकेने संगणकावर जे द्वार उघडले, त्याचे नाव ‘उद्गम’ असे ठेविले आहे. नाव संस्कृत, म्हणून आम्ही त्यात शिरून पाहिले. आमच्या दिवंगत काकांचे एक जुने खाते तेथे सापडले. रक्कम शे-सव्वाशेचीच होती, पण काकांचे नाव पाहून बरे वाटले.

ठेवींविषयी सर्वांत मोठा गैरसमज नामनिर्देशनाचा, म्हणजे ज्यास सर्वजण ‘नॉमिनी’ म्हणतात त्याचा. ज्याचे नाव लिहिले तो मालक, अशी समजूत घरोघर आहे. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यावेत, एवढेच ते नाव सांगते. पैसे कोणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसाहक्काचा कायदा सांगतो. नामनिर्देशित मनुष्य हा एका अर्थी विश्वस्त होय. या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांचे भाग व तत्सम रोखे यांच्यापुरता १४ डिसेंबर २०२३ रोजी दिला. आणि तो वाद ज्यांच्या मिळकतीवरून उत्पन्न झाला होता, ते गृहस्थ म्हणजे मालवणचे जयंतराव साळगावकर. ‘कालनिर्णय’ त्यांनी १९७३ साली सुरू केले, आणि एकादशी केव्हा व श्राद्धतिथी कोणती, हे पाहण्यास महाराष्ट्रातील घरे त्याच भिंतीकडे पाहू लागली. २०१३ साली ते निवर्तले. त्यांनी मृत्युपत्र केलेले होते, नामनिर्देशनेही केलेली होती. तरी दोहोंतला संबंध कोणता, हे ठरण्यास दहा वर्षे लागली. त्या कुटुंबाच्या खाजगी गोष्टीत शिरण्याचे आपणांस कारण नाही. परंतु ज्यांनी साऱ्या महाराष्ट्रास तिथी-वार पुरविले, त्यांच्या व्यवस्थेवरही जर हा प्रसंग आला, तर तुम्हा-आम्हांची गोष्ट ती काय! म्हणून मृत्युपत्रात जे लिहाल आणि बँकेत जे नाव द्याल, त्यांत मेळ असावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीस चार जणांपर्यंत नावे देता येतात व प्रत्येकाचा हिस्साही लिहिता येतो. विम्याच्या बाबतीत २०१५ च्या दुरुस्तीने आई-बाप, पती-पत्नी व मुले यांच्यापुरता निराळा नियम केलेला आहे, तो आपल्या विमा-प्रतिनिधीकडून समजून घ्यावा.

तिसरे प्रकरण ऋणाचे. बापाचे ऋण मुलाने फेडावे, हा आपल्याकडे केवळ व्यवहार नव्हे, धर्म मानला गेला. न्यायालयेही त्या धर्मास मान देत आली. परंतु २००५ साली कायद्याने ते बंधन पुढील कर्जांपुरते काढून टाकिले. आता वारस जबाबदार असतो तो मृताकडून त्यास जे मिळाले त्या मर्यादेपर्यंत. स्वतःच्या कमाईतून फेडण्याची सक्ती त्याजवर नाही. मात्र तो स्वतः सहकर्जदार किंवा जामीन असेल तर गोष्ट वेगळी. शोकात बुडालेल्या विधवेस धाक घालून तिच्या अंगावरच्या दागिन्यांपर्यंत पोहोचणारे सावकार व वसुलीवाले असतात. त्यांस हा नियम शांतपणे सांगता आला पाहिजे, म्हणून लिहिले.

परंतु कायद्याची मर्यादा ही माणुसकीची मर्यादा नव्हे. दादांच्या बाराव्या दिवशी एक सुतार दारात येऊन उभा राहिला. पावसाळ्यापूर्वी त्याने पडवीचे वासे बदलले होते, त्याचे आठ हजार रुपये दादांकडे राहिले होते; कागद नाही, साक्ष नाही. त्याने मागणीही केली नाही, केवळ हात जोडून उभा राहिला. पुतण्या आमच्याकडे पाहू लागला. वहिनी आतून म्हणाल्या, “वासे नवे आहेत की नाहीत, ते वर मान करून पाहा, म्हणजे झाले.” लेख्य, साक्षी आणि भुक्ती ही प्रमाणे आम्ही जन्मभर पुस्तकात वाचली, इतके सरळ प्रमाण वाचले नव्हते. पैसे त्याच दिवशी दिले.

आता चौथे प्रकरण, दायाचे. आणि घरे जी मोडतात ती याच ठिकाणी. आमच्या कोकणात सातबारा हा जमिनीचा कागद खरा, पण तो अर्धी वंशावळही असतो. गुंठे वीस आणि नावे चाळीस! त्यांतली निम्मी माणसे वारलेली, काही मुंबईस, काही कोठे आहेत ते कोणास ठाऊक नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडाकडील बागा उलथून टाकल्या, तेव्हा भरपाई वाटताना हीच अडचण पुढे आली. झाड पडलेले दिसते, पण सातबारा पणजोबांच्या नावाचा, आणि संमतीच्या सह्या कोठून आणाव्यात? महामार्गाच्या रुंदीकरणात जमिनी गेल्या तेव्हाही तेच. मेलेल्या माणसास भरपाई घेता येत नाही, कर्ज काढता येत नाही आणि सहीही करता येत नाही.

म्हणून वारसनोंद वेळेवर व्हावी. जमीन महसूल अधिनियम १९६६ सालचा. त्याप्रमाणे वारसाने तीन महिन्यांत वर्दी द्यावी. पूर्वी ज्यास आपण तलाठी म्हणत असू, त्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, काम तेच. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे व वये, आणि प्रतिज्ञापत्र एवढ्यावर अर्ज होतो. तो संगणकावरूनही करता येतो. मग फेरफाराची नोंद होते, संबंधितांस नोटिसा जातात, हरकतीस पंधरा दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. २०२५ साली राज्य सरकारने ‘जिवंत सातबारा’ या नावाने मोहीम काढून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले. त्यावरूनच हे दुखणे किती जुने व किती पसरलेले आहे, याची कल्पना यावी. जेथे वारसांविषयी वाद असेल किंवा मोठ्या रकमा व रोखे असतील, तेथे दिवाणी न्यायालयाचा वारसा दाखला अथवा उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते. त्यांतील पहिला ज्या नियमाखाली मिळतो, तो मुंबई इलाख्याचा १८२७ चा आठवा रेग्युलेशन आजही चालू आहे, हे ऐकून आम्हांस मौज वाटली. दुसरा कायदा १९२५ चा. आणि हेही सांगितले पाहिजे की, फेरफाराने मालकी उत्पन्न होत नाही. ती सरकारी सारा कोणाकडून घ्यावयाचा याची नोंद आहे.

आमच्या घरी या प्रकरणात एक गाठ होती. तीर्थरूप १९८८ साली निवर्तले तेव्हा सातबाऱ्यावर थोरले म्हणून दादांचे एकट्याचे नाव लागले आणि पुढे ‘ए. कु. मॅ.’ ही तीन अक्षरे आली. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जुन्या घरांतून ही अक्षरे फार आढळतील. मॅनेजर गेला म्हणजे केवळ त्याच्या बायकामुलांची नावे चढवावयाची नसतात. ज्या मूळ पुरुषाची जमीन, त्याच्या सर्व वारसांची चढवावी लागतात. परंतु ती तीन अक्षरे कोणी वाचली नाहीत, किंवा संगणकावर उतरताना गळून पडली, तर धाकटे भाऊ व बहिणी एका रेघेने नाहीशा होतात. मग कोणी मुद्दाम केले, कोणी नकळत, यावरून दोन पिढ्या न्यायालयात जातात. आमच्या बाबतीत ती अक्षरे नव्या उताऱ्यावर नव्हतीच. पुतण्याने गप्प बसावयाचे ठरविले असते, तर त्यास कोणी दोष दिला नसता. अर्ज त्याच्या व वहिनींच्याच नावे तयार होता. त्याने १९८८ चा जुना फेरफार नक्कल काढून आणिला, आमच्यापुढे ठेविला आणि म्हणाला, “काका, ही जमीन बाबांची एकट्यांची नव्हे. अर्जात तुमचे आणि आत्याचे नाव घालू, मग आमची.” विद्यार्थ्यांस बक्षिसे देण्यात आमचे आयुष्य गेले, त्या क्षणी मात्र त्यास देण्यास योग्य असे आमच्यापाशी काही नव्हते.

राहिला प्रश्न आक्कांचा, म्हणजे आमच्या वडील भगिनींचा. मुलींच्या हक्काविषयी आपल्या घरांतून अजून दबक्या आवाजात बोलतात, म्हणून स्पष्ट लिहितो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीस पित्याच्या मिळकतीत मुलाबरोबर वारस केले. महाराष्ट्राने १९९४ साली त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींस एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व देशात विवाहित-अविवाहित असा भेद न ठेवता तो हक्क मिळाला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, त्या तारखेस पिता हयात असलाच पाहिजे असे नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र अबाधित आहेत. ज्यांस हे सारे नवे वाटते त्यांनी विसरू नये की, विभक्त व अपुत्र पुरुषाच्या वारसांची गणना करताना याज्ञवल्क्याने पत्नीस पहिले व कन्येस दुसरे स्थान दिलेले आहे, आणि विज्ञानेश्वराने मिताक्षरेत त्याचे समर्थन केले आहे.

चाल अशी आहे की, बहिणीस दिवसकार्यास बोलवावे, जेवण झाल्यावर एक कागद पुढे करावा, आणि ‘येथे सही कर’ म्हणावे. बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. हक्कसोड करण्यास हरकत नाही; कित्येक बहिणी ते संतोषाने करतात. परंतु तो लेख नोंदणीकृत असल्यावाचून उपयोगाचा नाही, आणि ज्यात एक पक्ष न वाचता सही करतो, तो लेख कायद्याने पुरा झाला तरी मनाने पुरा होत नाही. त्रैमासिकास आक्का दापोलीकडून आल्या, तेव्हा आम्ही कागद न लिहिताच त्यांस विचारिले. जमीन किती, झाडे किती, वर्षाचा आंबा काय येतो, त्यावर खर्च काय होतो, हे सर्व पुतण्याने वाचून दाखविले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अरे, मला कसायची नाही, विकायची नाही, आणि आंब्याची पेटी तुम्ही धाडताच. पण बाबांच्या सातबाऱ्यावर माझे नाव असू दे. मुलगी होते मी त्यांची.” आमच्या एका आप्तांनी मागाहून म्हटले की, सही एक वाढली, पुढे वारस वाढतील, हे व्यवहारदृष्ट्या बरे झाले नाही. त्यांचे म्हणणे हिशेबाने खोटे नाही. सह्या वाढल्या हे खरे. परंतु ज्या बहिणीने लहानपणी आम्हांस कडेवर घेऊन त्याच आंब्यांखाली फिरविले, तिचे नाव त्या कागदावर जड होते, असे आम्हांस वाटत नाही. पुढच्या पिढीस अडचण पडू नये म्हणून कोणता वाफा कोणाच्या वहिवाटीस, हे मात्र नकाशासह लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या आहेत, आणि तहसीलदारांकडे रीतसर वाटपाचा अर्ज करण्याचेही सर्वांच्या विचाराने ठरले आहे.

हे सारे कागद असतील तर उपयोगाचे. कोकणात कागदास शत्रू फार. वाळवी, कसर, ओल, आणि आमच्या खेडात जगबुडी. २२ जुलै २०२१ च्या पुरात जगबुडीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा दुकानांतल्या मालाबरोबर पेट्यांतले कागदही गेले. त्याच पावसात आमच्याच तालुक्यातील पोसरे येथील बौद्धवाडीवर दरड कोसळून सतरा माणसे गेली. माणसे, घरे आणि घरांतले कागद एकाच मातीखाली गेले. जी मागे राहिली, त्यांस एकाच वेळी आपल्या माणसांचा शोक आणि आपण त्यांचे कोण याचा पुरावा, अशी दोन्ही ओझी वाहावी लागली. पलीकडे महाडाजवळ तळिये गावी तर कित्येकांचे देहच मिळाले नाहीत. एरव्ही बेपत्ता मनुष्य मृत समजण्यास कायदा सात वर्षे थांबावयास सांगतो. तेथे शोध थांबवून न सापडलेल्यांस मृत ठरविण्याचा मार्ग सरकारास काढावा लागला. अशा प्रसंगी शेजारच्या सुशिक्षित मनुष्याने शोकपत्र धाडण्यापेक्षा एक दिवस कचेरीत बरोबर जाऊन अर्ज लिहून द्यावा. त्या घरास त्याचा उपयोग अधिक. कागदांच्या नकला दुसऱ्या गावी असलेल्या मुलाकडे व सरकारच्या डिजिलॉकरमध्येही ठेवाव्यात. मूळ प्रती कपाटाच्या तळाशी न ठेवता वरच्या फळीवर ठेवाव्यात.

शेवटी दोन गोष्टी, ज्या जिवंत माणसानेच करावयाच्या. पहिली मृत्युपत्र. आपल्या लोकांस हा शब्दच अशुभ वाटतो. त्यास मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. अठरा वर्षांवरील, शुद्धीवर असलेल्या मनुष्याने स्वच्छ अक्षरात लिहून सही करावी आणि दोन साक्षीदारांनी आपल्या सह्या कराव्यात, एवढे पुरे. तरी वाद होण्याचा संभव असेल तेथे नोंदणी केलेली बरी. स्वतःच्या वाट्याविषयी लिहिता येते, एकत्र मिळकतीतल्या दुसऱ्याच्या वाट्याविषयी नव्हे, एवढे भान ठेवावे.

दुसरी गोष्ट वही. दादा मोठे हिशेबी गृहस्थ होते. परंतु हिशेब सारा डोक्यात. ते गेल्यावर कपाटाची एक किल्ली कोणत्या पेटीची, हे शोधण्यात आठवडा गेला. त्यावरून आम्ही दोनशे पानी साधी वही केली. तिच्यात खाती, ठेवी, विमे, त्यांस दिलेली नावे, जमिनीचे गट क्रमांक, घरपट्टी व विजेचे ग्राहक क्रमांक, निवृत्तिवेतनाचा आदेश कोठे आहे तो, कोणाचे देणे, कोणाकडून येणे, आणि औषधवाल्याची उधारी, हे सर्व लिहिले आहे. गुप्त अंक तिच्यात लिहिले नाहीत; ते कोणास विचारावेत, एवढे लिहिले आहे. दरवर्षी वर्षप्रतिपदेस पंचांगवाचन झाल्यावर ती वही उघडावयाची, जुने खोडावयाचे, नवे लिहावयाचे, आणि ते घरातील बायकांसमक्ष वाचावयाचे, असा परिपाठ ठेविला आहे. पहिल्या वर्षी सौभाग्यवतींनी ‘सणाच्या दिवशी हे काय?’ म्हणून कान झाकून घेतले. यंदा त्यांनीच चष्मा लावून एक बेरीज दुरुस्त केली.

हा लेख वाचून एखाद्या घरी अशी वही उघडली गेली, किंवा एखाद्या बहिणीस कागद पुढे करण्यापूर्वी तो वाचून दाखविला गेला, तर आमच्या लिहिण्याचे सार्थक झाले असे समजू. इत्यलम्.